हेमाद्रीचा हेमंत आणि वालूरची थंडी

हिंवाळा हा प्रकृति सुधारण्याचा काळ होय, ही समजूत आपल्या समाजांत इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे कीं, तिला कोणी आधार विचारीत नाहीं. दिवाळी झाली कीं अंगाला तेल लावावें, डिंकाचे लाडू करावे, पहांटे तालमींत जावें, बाजरी, तीळ व गूळ खावा आणि चार महिन्यांत वर्षाची शिदोरी अंगांत सांठवावी, असें आपले वडील सांगत आले. वैद्य आणि डॉक्टर हे एरवीं एकमेकांचें म्हणणें सहसा मान्य करीत नाहींत. पण या एका बाबतींत दोघेहि मान डोलवितात. उलट पक्षीं मराठवाड्याचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर मोठमोठ्या साथींचीं पानें याच थंडीच्या महिन्यांशीं येऊन भिडतात. एकच ऋतु एकास बळ देतो आणि दुसऱ्यास घेऊन जातो, हें कसें? या प्रश्नाचें उत्तर वैद्यकाइतकेंच इतिहासांतहि शोधिलें पाहिजे असें आम्हांस वाटतें, आणि त्यासाठीं परभणी जिल्ह्यांतील वालूर हें गांव व त्याच्या आसपासचा मुलूख आम्हीं डोळ्यांपुढें ठेविला आहे.

वालूर हें सेलू तालुक्यांतील जुनें गांव. तें आज नांवाजलें आहे तें आपल्या बारवांमुळें, आणि विशेषतः त्यांपैकीं एका बारवेमुळें. कारण तिच्या पायऱ्या नेहमींप्रमाणें सरळ न उतरतां वळण घेत घेत पाण्याकडे जातात. पुष्कळ वर्षें गाळानें व केरानें बुजून गेलेली ही बारव गांवकऱ्यांनीं अलीकडे स्वतः पुढें होऊन मोकळी केली, आणि तेव्हांपासून दूरदूरचे लोक ती पाहावयास येऊं लागले. असल्या बांधकामास सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा आपला प्रघात आहे. चुन्याशिवाय दगडावर दगड बसविण्याची ही रीत हेमाडपंताच्या आधींपासून दख्खनांत चालत आली होती. तेव्हां तिचें सगळें श्रेय त्या एका मुत्सद्द्याच्या पदरीं घालणें हें इतिहासाला धरून नाहीं. पण नांव निघालेंच आहे, तर हिंवाळ्यांतील आरोग्याशीं या पुरुषाचा जो खरा संबंध आहे, तो फारसा कोणी सांगत नाहीं, म्हणून येथें सांगणें अवश्य आहे.

तत्पूर्वीं बारवेच्या पाण्याविषयीं दोन शब्द. पौषांतील पहांटे अशा खोल विहिरीच्या तोंडाशीं वाफ तरंगतांना दिसते आणि पाणी हाताला कोमट लागतें. यांत चमत्कार कांहीं नाहीं. जमिनीखालीं कांहीं पुरुष खोल गेलें कीं दगडामातीचें उष्णमान वर्षाच्या सरासरी उष्णमानाशीं येऊन स्थिरावतें. परभणीच्या बाजूस तें २६–२७ अंशांच्या आसपास असतें. बाहेर हवा १०–१२ अंशांवर उतरली असतां तेंच पाणी ऊन भासतें, आणि वैशाखांत तेंच गार. एका प्रसिद्ध सुभाषितांत विहिरीचें पाणी आणि वडाची छाया यांचा हा गुण एकत्र गोंविलेला आहे, तो शाळेंत संस्कृत शिकलेल्या वाचकांस आठवेल. ज्या घरांत जळणाची काटकसर असे, त्या घरच्या माणसांना थंडींत सरपण न जाळतां आंघोळ करितां यावी, ही सोय बारवांनीं शेंकडों वर्षें पुरविली. रात्रभर उघड्यावर गारठलेल्या टांकींतून नळाला येणारें पाणी ती सोय पुरवीत नाहीं. मात्र ही सोय सर्वांस होती असें समजण्याचें कारण नाहीं. ज्यांना अस्पृश्य लेखलें गेलें त्यांना सार्वजनिक पाणवठ्यांवर पाऊल ठेवतां येत नसे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं जें केलें, तें करण्याची पाळी त्यामुळेंच आली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

आतां हेमाद्रीकडे वळूं. देवगिरीचा महादेव यादव १२६१ त गादीवर आला आणि रामचंद्र १२७१ त. या दोघांच्याहि कारकीर्दींत श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य, या पदावर हेमाद्रि होता. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ सर्वांस ठाऊक आहे. परंतु याच हेमाद्रीनें वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका लिहिली, हें आपल्याकडे वैद्यांखेरीज थोड्यांनाच माहीत असतें. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरा’ टीकेबरोबर ती छापून काढली, व आज ती कोणासहि पाहतां येते. देवगिरीच्या दरबारांत वैद्यक हा एकट्या हेमाद्रीचाच नाद होता असेंहि नाहीं. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव व्याकरणकार म्हणून प्रसिद्धीस आला. पण तो वैद्याचा पुत्र होता. त्याचा बाप केशव यानें पदार्थांच्या गुणधर्मांवर ‘सिद्धमंत्र’ नांवाचा ग्रंथ लिहिला आणि बोपदेवानें त्यावर टीका केली. त्याच्याहि आधीं सिंघण राजाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहितांना आरंभीं मनुष्यदेह कसा घडतो याचें वर्णन घातलें आहे. गाणें शिकविण्यापूर्वीं शरीर समजावून सांगणारा हा गृहस्थ स्वतःहि वैद्यक जाणणारा होता. असो. ज्या मुलखांत वालूर आहे, त्या मुलखाच्या राजधानींत तेराव्या शतकांत आरोग्याचा विचार अशा जाणत्या माणसांकडून चालला होता, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील तिसरा अध्याय ऋतुचर्येचा. त्यांत हेमंताविषयीं जें सांगितलें आहे त्याचा सारांश असा: बाहेरच्या थंडीनें शरीरांतील उष्णता आंत कोंडली जाते व जठराग्नि प्रबळ होतो. या अग्नीला पुरेसें इंधन मिळालें नाहीं, तर तो शरीराचे धातूच जाळूं लागतो. म्हणून या ऋतूंत गोड, आंबट व खारट रसांचें सेवन करावें. रात्री मोठ्या असल्यामुळें सकाळीं लवकर भूक लागते. अंगाला व डोक्याला तेल चोळावें, कुशल मल्लांबरोबर अर्ध्या शक्तीनें कुस्ती करावी, मग तेल काढून स्नान करावें. केशर-कस्तुरीचा लेप लावावा, अगुरूचा धूप घ्यावा. स्निग्ध मांसरस, गहूं, उडीद, उंसाचे व दुधाचे पदार्थ, नवें धान्य खावें. शौचास ऊन पाणी वापरावें. रेशमी, लोंकरीचीं व कातड्याचीं हलकीं पण उबदार पांघरुणें घ्यावीं. उन्हांत बेतानें बसावें. पायांत नेहमीं जोडा असावा. आणि निखाऱ्यांनीं तापविलेल्या आंतल्या खोलींत राहावें.

यांतील पुष्कळ भाग आजच्या शास्त्राला मान्य होण्यासारखा आहे. थंडींत शरीर ऊब टिकविण्यासाठीं अधिक अन्न जाळतें, आणि बाहेरून अन्न न मिळाल्यास आंतील चरबी व स्नायू जाळतें, हें तत्त्व वाग्भटाच्या भाषेंत अचूक उतरलें आहे. कांहीं भाग मात्र जपून घेतला पाहिजे. निखाऱ्याची शेगडी बंद खोलींत ठेवून निजणें किती घातक आहे, हें आज आपणांस कळलें आहे. त्या विषारी वायूला वास नाहीं, रंग नाहीं, आणि निजलेलें माणूस उठत नाहीं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत शेकशेगडी ठेवण्याची चाल आहे. तिच्यांतील ऊब ठेवावी आणि धूर व कोंडवाडा टाकावा, असें आम्हांस स्पष्ट सांगावेंसें वाटतें. कालगणनेचाहि एक घोटाळा आहे. वाग्भट सिंधु देशाकडचा. त्याच्या मतें मार्गशीर्ष-पौष हा हेमंत व माघ-फाल्गुन हा शिशिर, आणि शिशिरांत थंडी अधिक. हें पंजाब-सिंधास शोभेल. परभणीकडे कडाका असतो तो डिसेंबरांत व जानेवारीच्या पूर्वार्धांत. फाल्गुनांत तर माणसें सावली शोधूं लागतात. २०१८ सालच्या डिसेंबरअखेर परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या वेधशाळेंत पारा २ अंशांपर्यंत उतरला, तो काळ मार्गशीर्षाचा होता. येथील हिंवाळ्याची खरी खोड अशी कीं, रात्रीं १०–१२ अंश आणि दुपारीं २९–३० अंश. माणूस पहांटे कुडकुडतो व दुपारीं घामाघूम होतो. आणि थंडी ‘कांहीं फारशी नसते’ असें समजून पांघरुणाची सोय करीत नाहीं.

परंतु वरील सर्व उपदेश ज्या एका शब्दानें सुरू होतो, त्याकडे आमच्या मतें फार थोड्यांचें लक्ष गेलें आहे. हेमंतांत अग्नि प्रबळ होतो तो कोणाचा? ग्रंथकार पहिल्याच शब्दांत सांगतो: बलवान् मनुष्याचा. म्हणजे हिंवाळा आरोग्यदायक आहे हें विधान सर्वसाधारण नाहीं. तें सशर्त आहे. ज्याच्या अंगीं आधींच बळ आहे, ज्याच्या घरीं नवें धान्य, तेल, तूप व पांघरूण आहे, त्याला हा ऋतु आणखी बळ देतो. ज्याच्याजवळ हें नाहीं, त्याच्या अग्नीनें काय जाळावें, हेंहि ग्रंथकारानें सांगून ठेविलें आहे. कुशल मल्ल, कस्तुरी आणि अगुरू यांची यादी वाचतांना हा अध्याय कोणासाठीं लिहिला हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

मग बाकीच्यांचें काय? याचें उत्तर वैद्यकांत शोधून मिळत नाहीं, तें धर्मशास्त्राच्या बाजूला आहे. हेमाद्रीनें आपल्या चतुर्वर्गचिंतामणींत व्रत व दान यांना स्वतंत्र खंड दिले आहेत, आणि त्यांत भविष्योत्तर पुराणाचा आधार त्यानें पदोपदीं घेतला आहे. त्या पुराणांत ‘अग्नीष्टिका’ नांवाचें एक दान वर्णिलें आहे. थंडीच्या दिवसांत देवळांत, मठांत किंवा लोक जमतात अशा जागीं दात्यानें अग्नि पेटवून ठेवावा आणि ज्याला हिंव वाजतें त्यानें तेथें येऊन शेकावें, असें तें दान. पाणपोई उन्हाळ्याची, तशी ही हिंवाळ्याची सार्वजनिक शेकोटी! गांवच्या चावडीपुढें किंवा मारुतीच्या पारापाशीं तुराट्या व पऱ्हाट्या पेटवून भोंवतीं बसण्याची जी चाल आपण पाहतों, तिचा उगम या पुराणांत आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शेकोटीला पुराणाची गरज नाहीं. पण तेराव्या शतकांतील सुशिक्षितांना हें ठाऊक होतें कीं, थंडींतील आरोग्य हें एका घराच्या चार भिंतींत पुरें होत नाहीं. एका अंगास बलवानाची ऋतुचर्या आणि दुसऱ्या अंगास दुर्बळासाठीं दान, अशी ही जोडी होती. दानानें किती जणांची थंडी भागली असेल हा प्रश्न निराळा. दान दात्याच्या पुण्यावर अवलंबून असतें, घेणाऱ्याच्या गरजेवर नव्हे, हा त्याचा मूळचा दोष आहे.

लोकांनीं मात्र ग्रंथाची वाट न पाहतां आपली ऋतुचर्या सणवारांत बसवून घेतली. तिच्यांत कस्तुरी नाहीं. शेतांत त्या त्या वेळीं जें निघतें तें आहे. चंपाषष्ठीला वांग्याचें भरीत व रोडगा. मार्गशीर्षी अमावास्येला, विशेषतः लातूर-धाराशिवाकडे, रब्बीच्या शेतांत जाऊन पूजा व ताज्या शेंगांदाण्यांची मिसळलेली भाजी आणि ज्वारीचें आंबील. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लेंकुरवाळी भाजी. दुसऱ्या दिवशीं तीळगूळ. आणि पौष-माघांत शाळूच्या कणसांचा हुरडा. तीळ खरीपांतच निघालेला असतो, गूळ गुऱ्हाळांतून नुकताच उतरलेला असतो, हरभऱ्याचे घांटे भरत असतात. वाग्भटानें सांगितलेले नवें धान्य, उंसाचे पदार्थ व स्नेह, हे तिन्ही या थाळ्यांत आलेच. शेकलेला हुरडा आगटीभोंवतीं बसून खावयाचा असल्यामुळें ऊब आणि अन्न एकाच ठिकाणीं मिळे, ही सोय आमच्या मतें कोणत्याहि औषधीपाकाहून श्रेष्ठ.

येथें एका लोकप्रिय दंतकथेचा निकाल लावून टाकूं. बाजरी हेमाडपंतानें महाराष्ट्रांत आणली असें सांगतात. बाजरी मूळची आफ्रिकेंतील हें खरें. पण सौराष्ट्रांत व कर्नाटकांतील हल्लूर येथें उत्खननांत सांपडलेले तिचे दाणे हेमाद्रीच्या निदान दोन हजार वर्षें आधींचे आहेत. मोडी लिपीप्रमाणें बाजरीचेंहि श्रेय या कर्त्या पुरुषाला चिकटलें, एवढाच त्याचा अर्थ. उलट, आपण ज्याला अगदीं जुनें ‘गांवठी’ खाणें समजतों त्यांतील मिरची व भुईमूग हीं दोन्हीं अमेरिकेंतून, पोर्तुगीज आल्यानंतर, आपल्याकडे आलीं. हेमाद्रीच्या वेळच्या शेतकऱ्याला शेंगदाण्याची चटणी ठाऊक नव्हती. त्याचें थंडींतील तेल म्हणजे तिळाचें, करडईचें आणि जवसाचें. परभणीच्या काळ्या रानांत करडई व जवस हीं रब्बीचींच पिकें. जवसाची चटणी व करडईचें तेल हीं आज पुन्हां शहरांतील दुकानांत आरोग्याचें नांव लावून महाग विकलीं जातात, हें पाहून जुन्या माणसांना गंमत वाटत असेल.

व्यायामाचेंहि तसेंच. ग्रंथांतील श्रीमंताला मल्ल ठेवून कुस्ती करावी लागे. गरीबाघरच्या बाईला तो उपदेश कोणी करावयास नको होता. पहांटे जात्यावर बसून दळणें हा थंडींतला खरा व्यायाम होता, आणि त्याचें काव्य झालें तें याच परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईच्या तोंडून. तिच्या अभंगांत देव येऊन दळूं लागतो. त्यांतील भक्ति निःसंशय मोठी. पण त्या वेळचें दळण किती जड असेल, हेंहि त्यावरून कळतें. पिठाची गिरणी आली आणि हा भार उतरला, याबद्दल आम्हांस बिलकुल खेद नाहीं. जात्यावरील ओव्यांसाठीं हळहळणारे बहुतेक गृहस्थ जात्यावर कधीं बसलेले नसतात.

हा झाला भरल्या घरचा हिंवाळा. आतां दुसरी बाजू पाहूं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत प्लेग आहे असें डॉ. व्हिएगस यांनीं ओळखलें. पुढील हिंवाळ्यांत तो पुण्यास पोंचला, आणि नंतरच्या वर्षांत इंग्रजी मुलूख व निजामी मुलूख असा भेद न करितां दख्खनभर पसरला. दख्खनांतील प्लेगची चाल अशी दिसून आली कीं, पावसाळ्याच्या अखेरीस तो डोकें वर काढी, थंडींत जोर करी आणि उन्हाळ्याची कोरडी हवा सुटली कीं ओसरे. पुढें संशोधनांतून कळलें कीं, उंदरांवरील पिसवा कडक उन्हाळ्यांत टिकत नाहींत. म्हणजे ज्या महिन्यांत तालीम करून अंग कमवावयाचें, त्याच महिन्यांत घरांत उंदीर पडतो आहे कीं काय, हें पाहात बसावें लागे. उंदीर पडला कीं गांव रिकामें करून माळावर किंवा शेतांत झोंपड्या घालून राहावयाचें, ही रीत पडली. उपाय योग्य होता, आणि त्यानें असंख्य जीव वांचले. पण पौषाच्या कडाक्यांत कुडाच्या भिंतींआड, तान्हीं मुलें व म्हातारीं माणसें घेऊन महिना-दोन महिने काढावयाचे म्हणजे काय, याचा हिशेब कोणत्याहि अहवालांत मांडलेला आम्हांस दिसला नाहीं. ज्याच्याजवळ घोंगडी होती त्यानें तें निभावलें. ज्याच्याजवळ फाटकी वाकळ होती त्याला प्लेग टळून थंडी बाधली. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या, ही गोष्ट याच पहिल्या हंगामांतली. हाफकिन साहेबानें मुंबईंत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली, तीहि.

त्याहून भयंकर ठरली ती १९१८ ची इन्फ्ल्युएंझाची साथ. आपल्या लोकांनीं तिला ‘मानमोडी’ असें नांव दिलें. ज्या आजारानें माणसाची मान उचलत नाहीं तो आजार. जूनमध्यें मुंबईच्या बंदरावर ती प्रथम सौम्य रूपानें दिसली, आणि सप्टेंबरांत उग्र होऊन परतली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. तेथून ती आगगाडीच्या वाटेनें देशाच्या पोटांत शिरली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी करीत सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग तेव्हां अवघा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. वालूरच्या माणसाला सेलूचें स्टेशन जवळ झालें होतें, तसेंच तें साथीलाहि झालें होतें. त्या वर्षींची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभीं पडली. शरद संपून हेमंत लागण्याच्या, अंगाला तेल लावण्याच्या त्या दिवसांत घरोघर माणसें अंथरुणाला खिळलेलीं होतीं.

या साथीचा एक विशेष असा कीं, तिनें मुलांम्हाताऱ्यांपेक्षां वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांवर झडप घातली, आणि आपल्या देशांत पुरुषांहून स्त्रिया अधिक नेल्या. तेव्हां ‘बलवानाचा हेमंत’ हा सिद्धांत येथें कोलमडतो कीं काय, असा आक्षेप वाचक घेतील. आक्षेप रास्त आहे. नुसत्या अंगच्या बळानें नव्या रोगापुढें टिकाव लागत नाहीं, हें आम्ही मान्य करितों. पण वय एकीकडे ठेवून दुसरे आकडे पाहा. मुंबई शहरांतील त्या वेळच्या सरकारी नोंदींत या साथीनें झालेल्या मृत्यूंचें दर हजारीं प्रमाण युरोपियनांत ८·३, पारशांत ९·०, उच्चवर्णीय हिंदूंत १८·९, मुसलमानांत १९·२, आणि खालच्या म्हणविलेल्या जातींतील हिंदूंत ६१·६ असें दिलेलें आहे. रोगजंतु तोच, हवा तीच, महिना तोच. आणि मरणाच्या प्रमाणांत सातपटींहून अधिक अंतर. पंचवीस वर्षांचा गिरणी-मजूर आणि पंचवीस वर्षांचा मलबार हिलवरील साहेब हे दोघेहि दिसावयास बलवानच होते. एकाला हवेशीर खोली, दूध, पांघरूण, शुश्रूषेस माणूस आणि महिनाभर न कमावतां खाण्याची सोय होती. दुसरा एका खोलींत आठ-दहा जणांबरोबर कण्हत पडला होता आणि त्याला पाणी देणारी बायकोहि तापानें फणफणली होती. बारवेच्या पाण्याविषयीं आम्हीं वर जें म्हटलें त्याचा अर्थ येथें उलगडतो. बळ हें केवळ स्नायूंत नसतें. पाणवठ्यावर, कणगींत आणि घराच्या भिंतींतहि असतें.

खेड्यांची स्थिति आणखी बिकट होती, कारण १९१८ सालीं पाऊस पडला नाहीं. खरीप गेलें, रब्बीची पेरणी साधली नाहीं, युद्धामुळें धान्य व कापड आधींच महाग झालेलें. हेमंतांतील अग्नीला इंधन हवें तें नेमकें त्याच हेमंतांत नव्हतें. हिंदुस्थानांत या साथीनें गेलेल्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. वालूर ज्या हैदराबाद संस्थानांत होतें त्याची लोकसंख्या १९११ च्या शिरगणतींत १ कोटी ३३ लाख होती, ती १९२१ त १ कोटी २४ लाखांवर आली. या घटीस प्लेग व दुष्काळ यांचाहि हात आहे, पण मोठा वाटा मानमोडीचाच. वाढावयाची लोकसंख्या दहा वर्षांत नऊ लाखांनीं घटली, आणि या मुलखाच्या प्रचलित इतिहासांत या गोष्टीला एखादें वाक्य मिळतें न मिळतें. लढायांचीं वर्णनें लिहितांना आमच्या इतिहासकारांची लेखणी थकत नाहीं. ज्या हिंवाळ्यांत कोणत्याहि लढाईहून अधिक माणसें गेलीं, त्याच्यापुढें ती मुकी होते.

आज ते दोन्ही रोग तसे उरले नाहींत. लस आहे, औषधें आहेत, आणि स्वस्त धान्याचें दुकान गांवोगांव आहे. थंडींत रक्तदाब चढतो व हृदयविकाराचे झटके अधिक येतात, म्हणून साठी उलटलेल्यांनीं काळोखांत फिरावयास न जातां उन्हें आल्यावर जावें, असें डॉक्टर सांगतात, तें ऐकावें. पण हें सांगणें पुन्हां ज्याला फिरावयास जाणें न जाणें हातचें आहे त्याच्यासाठीं. शेतीपंपाची वीज गेल्या कांहीं दशकांत पाळीपाळीनें, पुष्कळदां रात्रीं, मिळत आली. गव्हाला किंवा शाळूला पाणी द्यावयाचें तर पौषाच्या मध्यरात्रीं गुडघाभर चिखलांत उभें राहून दारें धरावीं लागत. पायांत नेहमीं जोडा असावा, असें वाग्भट सांगतो. दारें धरणाऱ्याच्या पायांत जोडा टिकत नाहीं.

आणि उंसाचे जे पदार्थ हेमंतांत खावे म्हणून ग्रंथांत सांगितलें आहे, तो ऊंस तोडावयास दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, परभणी या भागांतून कोयते घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या व प्लास्टिकच्या कोपींत तीं हिंवाळा काढतात. भल्या पहांटे, पात्यांवर दंव असतांना, तोड सुरू होते. बाईनें त्याआधीं भाकऱ्या थापलेल्या असतात. लहान मूल फडाच्या कडेला घोंगडींत गुंडाळून ठेवलेलें असतें. गाडी कोणत्या वेळीं भरावयास येईल याचा नेम नसल्यामुळें रात्रीची झोंपहि पुरी होत नाहीं. संक्रांत हंगामाच्या ऐन मध्यावर येते, तेव्हां तीळगूळ फडांतच वांटला जातो. त्या दिवशीं यांच्या गांवीं घरांत म्हातारीं माणसें आणि शाळेसाठीं मागें ठेविलेलीं मुलें तेवढीं असतात. कारखान्याचा पट्टा पडून बैलगाड्या व ट्रॅक्टर परत फिरेपर्यंत फाल्गुन-चैत्र उजाडतो.